साच्यातून आज्ञावली : संगणकातील नोंदघटक कसे घडतात?

राज्यकारभाराचा मोठा भाग नमुन्यांवर चालतो. महसुली दप्तरातील एक ते एकवीस गाव नमुने, ग्रामपंचायतीचे एक ते तेहतीस नमुने, शाळेचे जनरल रजिस्टर, अंगणवाडीतील वजनाची नोंदवही ही सारी एकाच कल्पनेची रूपे होत. रकाने एकदा ठरले आणि छापखान्यात एकदा जुळवले गेले, की सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत त्याच रकान्यांचे कोरे कागद पोहोचतात व प्रत्येक गाव आपापली माहिती त्यांत भरते. या कागदांच्या उजव्या टोकाला बहुधा 'शेरा' नावाचा एक रकाना असे. जे कोठेच बसत नाही ते शेऱ्यात लिहावे, ही जुन्या कारकुनांची रीत. तिने अनेकदा गावाची खरी हकिगत जपून ठेवली आहे.

आता यांतील बहुतेक नोंदी संगणकावर गेल्या आहेत. पडद्यावर अर्ज उघडतो, माहिती भरली जाते, चूक झाल्यास लाल अक्षरांत सूचना येते, आणि शेवटी यादी छापून मिळते. हे सर्व घडवून आणणारी आज्ञावली कोणी तरी बसून अक्षरन् अक्षर लिहिली असावी, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती पुष्कळदा वेगळी असते. आज्ञावलीचा मोठा भाग दुसरी एक आज्ञावलीच तयार करते, आणि तेही साच्यांच्या साहाय्याने. संगणकतज्ज्ञाने तिला फक्त एक-दोन पानांचे वर्णन द्यावयाचे असते. त्या वर्णनात काय लिहिले जाते, यावर पुढे गावाची कोणती गोष्ट नोंदली जाईल आणि कोणती सुटेल हे ठरते. म्हणून हा विषय तज्ज्ञांपुरता राहत नाही.

उदाहरणासाठी जव्हार तालुक्यातील वावर गाव घेऊ. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी सर्व राज्याचे लक्ष वेधले होते. त्यानंतर आदिवासी भागातील आरोग्य, पोषण आणि रोजगार यांच्या योजना एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले व १९९५ मध्ये नवसंजीवन योजना सुरू झाली. ज्या परिसरात एकेका बालकाच्या वजनाची नोंद जीवनमरणाशी निगडित ठरली, तेथे 'बालक' या शब्दाची संगणकातील व्याख्या कशी केली जाते, हे पाहणे उचित ठरेल. पुढे वर्णिलेली नोंदपद्धती समजुतीसाठी कल्पिलेली आहे. तिची कार्यरीत मात्र प्रत्यक्षातील साधनांचीच आहे.

नोंदघटक म्हणजे काय?

ज्याची स्वतंत्र नोंद ठेवावयाची अशा प्रत्येक प्रकारच्या वस्तूला, व्यक्तीला किंवा घटनेला संगणकतज्ज्ञ 'एंटिटी' म्हणतात. येथे आपण 'नोंदघटक' हा शब्द वापरू. गाव, पाडा, कुटुंब, बालक, अंगणवाडी हे नोंदघटक होत. प्रत्येकाला काही गुण असतात, जसे नाव, दिनांक, संख्या. शिवाय नोंदघटकांचे एकमेकांशी संबंध असतात. माहितीची अशी घटक, गुण व संबंध यांत मांडणी करण्याची पद्धत पीटर चेन यांनी १९७६ मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडली. आज जगातील बहुतेक नोंदपद्धती तिच्याच पायावर उभ्या आहेत.

साच्यांवर चालणाऱ्या साधनाला हेच वर्णन ठरावीक रीतीने लिहून द्यावे लागते. २०१३ मध्ये सुरू झालेले व सर्वांस मोफत उपलब्ध असलेले 'जेहिप्स्टर' हे अशा साधनांपैकी एक होय. त्याला द्यावयाच्या वर्णनाचा आशय मराठीत लिहिल्यास साधारण असा दिसेल :

नोंदघटक बालक
नाव : मजकूर, आवश्यक
जन्मदिनांक : दिनांक, आवश्यक
वजन : दशांश संख्या, किमान व कमाल मर्यादेसह
संबंध : एक अंगणवाडी, अनेक बालके

प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीत द्यावी लागतात. पडद्यावरची मराठी शब्दयोजना वेगळ्या भाषांतर-फाइलीत ठेवली जाते. साधन प्रथम हे वर्णन वाचते आणि तपासते. नावात जागा सुटली आहे काय, एकच गुण दोनदा आला आहे काय, ज्या घटकाशी संबंध जोडला तो घटक वर्णनात आहे काय, हे पाहिले जाते. काही शब्द माहितीकोशाच्या भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले असतात. उदाहरणार्थ, बचत गटाच्या नोंदघटकाला इंग्रजीत नुसते 'ग्रुप' असे नाव दिले, तर साधन हरकत घेते किंवा तक्त्याच्या नावाला स्वतःचा उपसर्ग जोडते.

तपासणी झाल्यावर साधन प्रत्येक नोंदघटकाची एक स्वतंत्र टाचणफाइल करून ठेवते आणि दिलेल्या नावावरून इतर नावे स्वतःच साधते : तक्त्याचे नाव, पडद्याच्या पत्त्यातील नाव, अनेकवचन. अनेकवचन इंग्रजी व्याकरणाने होते. 'पाडा' हा नोंदघटक केला की त्याचे अनेकवचन 'पाडे' न होता 'पाडाज' होते. पडद्यावर ते दिसू नये याची काळजी भाषांतर-फाइलीत घ्यावी लागते. यंत्राच्या पोटात मात्र 'पाडाज'च राहतात.

साचा कसा भरतो?

साचा म्हणजे अर्धवट लिहिलेली आज्ञावली. न्यायालयातील समन्सच्या छापील कागदाशी तिची तुलना करता येईल. बहुतेक मजकूर कायम असतो. नाव, पत्ता, तारीख यांच्या जागा मोकळ्या असतात. संगणकाच्या साच्यात या मोकळ्या जागा विशिष्ट खुणांनी बांधलेल्या असतात. खुणांच्या बाहेरचा मजकूर साधन जसाच्या तसा उतरविते, तर आतील मजकुराच्या जागी टाचणफाइलीतील माहिती घालते.

छापील कागदाहून येथे दोन गोष्टी अधिक आहेत. पहिली म्हणजे पुनरावृत्ती. 'जितके गुण असतील तितक्या वेळा ही ओळ लिही', असे साच्यात सांगता येते. त्यामुळे तीन गुणांचा घटक आणि तीस गुणांचा घटक एकाच साच्यातून निघतात. दुसरी म्हणजे अट. गुण दिनांकाचा असेल तर पडद्यावर दिनदर्शिका दाखव, संख्या असेल तर अंकच स्वीकार, यादीतील पर्याय असेल तर यादी उघड, अशा अटी साच्यातच लिहिलेल्या असतात.

एका नोंदघटकासाठी साचाही एक नसतो. माहितीकोशातील तक्ता उभारणारा एक, त्या तक्त्यातील ओळ वाचणारा-लिहिणारा एक, सेवासंगणकावर मागण्या स्वीकारणारा एक, यादीचा पडदा, भरण्याचा पडदा, काढून टाकण्याची खात्री विचारणारी चौकट, आणि हे सर्व नीट चालते किंवा नाही हे पाहणाऱ्या चाचण्या, असे अनेक साचे एकामागून एक भरले जातात. वर दिलेल्या पाच ओळींतून कित्येक फाइली काही क्षणांत तयार होतात. हाताने लिहिण्यास अनुभवी माणसालाही दिवस लागले असते, आणि शेवटच्या फाइलीपर्यंत हात थकून चूक झाली असती.

साच्याचा मोठा लाभ बदलाच्या वेळी कळतो. २०२४ मध्ये राज्य शासनाने तलाठी या पदाचे नाव 'ग्राम महसूल अधिकारी' असे केले, तसेच ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' हे नाव दिले. पदनाम जर प्रत्येक पडद्यावर हाताने लिहिलेले असेल, तर ते शोधत फिरावे लागते. ते एका ठिकाणी ठेवले असेल, तर एका बदलाने काम भागते. याच गुणाची दुसरी बाजूही आहे. साच्यात एक चूक राहिली, तर ती सर्व घटकांत आणि सर्व गावांत एकाच वेळी उतरते, आणि सर्वत्र सारखीच असल्यामुळे ती चूक म्हणून कोणाच्या नजरेसही येत नाही.

'आवश्यक' या शब्दाचे मोल

वर्णनात 'आवश्यक' हा शब्द लिहिला, की साच्यांमुळे तीन पहारेकरी उभे राहतात. पडदा रिकामा रकाना स्वीकारत नाही, सेवासंगणक स्वीकारत नाही, आणि माहितीकोशातील तक्ताही स्वीकारत नाही. कागदावर रिकामी जागा सोडून पुढे जाता येत होते. येथे जाता येत नाही. मग भरणारा माणूस काय करतो? तो काही तरी भरतो.

शिक्षकांना याचे उदाहरण शोधण्यास लांब जावयास नको. महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेल्या माणसांची संख्या निसर्गनियमाने असावी त्याहून फार मोठी आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना पालकांना तारीख सांगता येत नसे आणि रजिस्टरात तर ती हवी असे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई, म्हणून गुरुजी १ जून लिहीत. त्यांनी खोटेपणा केला असे कोणी म्हणणार नाही. रकान्याने मागितले ते त्यांनी दिले. संगणकाच्या वर्णनात जन्मदिनांकाजवळ 'दिनांक अंदाजे आहे काय?' असा एक होय-नाही गुण जोडला, तर हाच प्रश्न प्रामाणिकपणे सुटतो. वर्णनात ती एक ओळ असते. पडद्यावर चौकट आणि तक्त्यात स्तंभ साधन स्वतः करते.

किमान-कमाल मर्यादेचेही असेच आहे. ८.५ किलोऐवजी ८५ असे टंकले गेले, तर कमाल मर्यादा ते अडवील, हे योग्यच. परंतु किमान मर्यादा कोणी सोयीसाठी एक किलो ठेवली, तर ९०० ग्रॅम वजनाच्या नवजात बालकाची नोंद यंत्र नाकारील. ज्या बालकाकडे सर्वांत आधी लक्ष जावयास हवे, नेमके तेच यादीत येणार नाही, किंवा १.० असे लिहून येईल आणि सुधारल्यासारखे दिसेल. अशी मर्यादा ठरविण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्याकडे सोडू नये. ते वैद्यकीय अधिकारी आणि अंगणवाडी सेविका यांनी ठरवावयाचे आहे. साच्याला दोन्ही अंक सारखेच.

संबंधांची बांधणी

गुणांपेक्षा संबंधांची बाब अधिक नाजूक आहे. साधनाला संबंधाचे चार प्रकार समजतात : एकास एक, एकास अनेक, अनेकांस एक आणि अनेकांस अनेक. 'एक अंगणवाडी, अनेक बालके' असे लिहिले, की साचा बालकाच्या तक्त्यात अंगणवाडीच्या क्रमांकाचा एक स्तंभ घालतो. एकच स्तंभ, म्हणून एका वेळी एकच अंगणवाडी. बालक दुसरीकडे गेले, तर जुना क्रमांक पुसून नवा लिहावा लागतो. तो पुसला की बालक आधी कोठे होते, याचा मागमूस राहत नाही.

जव्हार-मोखाड्याकडे पाहिले की ही बांधणी किती अपुरी आहे हे कळते. नागली, वरई आणि भाताची कापणी आटोपली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी भिवंडी, वसई अशा भागांकडे उतरतात. शिमग्याला काही जण घरी येतात, पुन्हा जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लहान मुले अर्थातच आईबरोबर असतात. वर्षातील निम्मा काळ ज्याचा मुक्काम दुसरीकडे आहे, अशा बालकाला एकाच अंगणवाडीचा एक स्तंभ दिला, तर वावरच्या यादीत ते 'गैरहजर' राहते आणि भट्टीजवळच्या यादीत ते नसतेच. दोन्ही ठिकाणच्या नोंदी आपापल्या जागी बिनचूक असतात, आणि बालकाचे वजन मात्र कोणीच केलेले नसते.

याला उपाय अनेकांस अनेक असा संबंध हा वाटतो. तसे लिहिले, तर साधन बालक आणि अंगणवाडी यांच्यामध्ये क्रमांकांच्या जोड्यांचा एक तक्ता आपोआप उभारते. पण त्या तक्त्यात जोडीशिवाय काहीच नसते. बालक केव्हा आले, केव्हा गेले, हे लिहिण्यास जागा नाही. म्हणून जाणकार तेथे एक नवा नोंदघटकच निर्माण करतात. त्याला 'वास्तव्य' म्हणू. त्याचे गुण : पासून दिनांक, पर्यंत दिनांक, कारण. त्याचे संबंध : एका बालकाची अनेक वास्तव्ये, एका अंगणवाडीत अनेक वास्तव्ये. वजनाची नोंदही बालकाच्या तक्त्यात एका स्तंभात न ठेवता 'वजनमापन' असा तिचा वेगळा घटक करावा लागतो; नाही तर या महिन्याचे वजन मागच्या महिन्याचे वजन पुसून टाकील आणि घट झाली की वाढ, हे सांगता येणार नाही. जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, त्या 'मुक्कामा'ला आणि 'मोजण्या'ला स्वतंत्र घटक मानणे, हे या शास्त्रातील खरे कौशल्य होय. साचे भरणे त्या मानाने सोपे.

स्थलांतरित माता व बालके यांचा माग ठेवण्याची निकड शासनालाही जाणवली होती. महिला व बालविकास विभागाची त्यासाठीची स्वतंत्र संगणकीय पद्धती २०२२ मध्ये राज्यभर नेण्याचे ठरले.

दुसऱ्यांदा घडविताना

वर्णन बदलले की साधन पुन्हा चालवावे लागते, आणि तेथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली अशी की, मधल्या काळात कोणी तयार फाइलींत हाताने दुरुस्त्या केलेल्या असतात. नवा साचा त्यांवर लिहिला गेला, तर त्या नाहीशा होतात. चांगली साधने लिहिण्यापूर्वी विचारतात. तरीही हाताची भर वेगळ्या फाइलीत ठेवावी व साच्यातून आलेल्या फाइलीस हात लावू नये, ही शिस्त अधिक खात्रीची. दुसरी अडचण जुन्या नोंदींची. तक्त्यात आधीच नोंदी असताना नवा 'आवश्यक' गुण जोडला, तर जुन्या ओळींत तो रिकामा असतो आणि बदल लागू होत नाही. त्यांत काय भरावयाचे, हे आधी ठरवावे लागते, आणि ते घाईत ठरले तर पुन्हा १ जूनच जन्मास येतो.

ज्या गोष्टी पुढे बदलण्याची शक्यता आहे त्या मजकूर म्हणून प्रत्येक नोंदीत न लिहिता संबंधाने जोडाव्यात, असे सांगितले जाते ते यासाठीच. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि जव्हार व मोखाडा हे तालुके त्यात गेले. प्रत्येक कुटुंबाच्या नोंदीत 'जिल्हा : ठाणे' असे अक्षरांत लिहिले असेल, तर प्रत्येक ओळ दुरुस्त करावी लागेल. कुटुंब पाड्याशी, पाडा गावाशी, गाव तालुक्याशी आणि तालुका जिल्ह्याशी जोडलेला असेल, तर तालुक्याच्या ओळीतील एक संबंध बदलला की पुरे.

पाडा, गाव आणि क्रमांक

या साखळीतील सर्वांत अवघड कडी 'पाडा' ही आहे. केंद्र शासनाच्या पंचायती राज मंत्रालयाने स्थानिक शासन निर्देशिका तयार करून राज्य, जिल्हा, तालुका, गाव व ग्रामपंचायत यांना क्रमांक दिले आहेत. २०२० मध्ये सातबाराचा नमुना बदलला, तेव्हा गावाचा हा क्रमांक त्यावर छापला जाऊ लागला. क्रमांक असला की दोन वेगळ्या पद्धतींतील नोंदी एकमेकींना ओळखतात. नावाच्या लेखनातील फरक आड येत नाही. पण हा क्रमांक महसुली गावाला असतो. डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे त्या एका गावात मोडतात, मग ते मुख्य गावापासून किती का दूर असेनात. पाडा हा शब्द बहुधा पत्त्यातील एक मजकूर म्हणून लिहिला जातो, आणि तो लिहिणारा जितक्या प्रकारे लिहील तितके पाडे संगणकात तयार होतात.

अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या केंद्रीय अधिनियमाने, म्हणजे पेसा कायद्याने, वस्ती किंवा पाडा यालाही गाव मानण्याचा मार्ग खुला केला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. त्यांनुसार पाड्यातील मतदारांना ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येते, आणि घोषणा झाल्यावर त्या गावाची स्वतःची ग्रामसभा होते. याचा अर्थ असा की, जव्हार-मोखाड्यात 'गाव' या एका शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी खरे आहेत : एक महसुली गाव आणि दुसरे पेसा गाव. वर्णनात 'गाव' हा एकच नोंदघटक लिहिला, तर साधन बिनतक्रार एकच तक्ता करील, आणि पेसा गावाच्या ग्रामसभेचा ठराव महसुली गावाच्या नावावर चढेल.

म्हणून येथे तीन घटक लिहावे लागतात. महसुली गाव, त्याच्या निर्देशिका-क्रमांकासह. पाडा, महसुली गावाशी अनेकांस एक या संबंधाने जोडलेला आणि आपल्या स्वतंत्र अंतर्गत क्रमांकासह. पेसा गाव, एका किंवा अनेक पाड्यांचे मिळून झालेले, घोषणेच्या दिनांकासह. पाड्याकडून पेसा गावाकडे जाणारा संबंध 'आवश्यक' ठेवावयाचा नाही, कारण ज्या पाड्याने अद्याप ठराव केलेला नाही त्याचा तो रकाना रिकामाच असला पाहिजे. घोषणा होईल त्या दिवशी तो भरला जाईल. कुटुंबाची, बालकाची, वजनाची कोणतीही जुनी नोंद त्यासाठी हलवावी लागणार नाही, कारण ती सारी पाड्याला जोडलेली आहेत आणि पाडा आपल्या जागी आहे.